तिसऱ्या पाळीच्या गल्लीतला पोळा

निघालो त्या सकाळी माझा धाकटा भाऊ रंगा आम्हाला मोटारस्टँडवर सोडायला बैलगाडी घेऊन आला. गाडीला बैल माझेच, हरण्या आणि पवळ्या. आदल्या दिवशी मीच त्यांचे कासरे रंगाच्या हाती दिले होते. तरी गाडीत बसल्यावर माझा हात सवयीनं पुढं गेला. रंगानं कासरा दिला नाही. मुद्दाम दिला नाही असं मी म्हणत नाही, त्याचं ध्यान रस्त्याकडं होतं. पण हात रिकामाच मागं घ्यावा लागला. गाव सुटलं ते मला तिथं कळलं, मोटारीत बसल्यावर नाही.

सोबत माझा मुलगा दत्तू होता आणि नात इंदू, सात वर्षांची. इंदूची आजी फाल्गुनात गेली. तापाचं निमित्त झालं. माझी बायको ती, पण तिचं नाव मी उभ्या जन्मात कधी घेतलं नाही, आता कागदावर कशाला घेऊ. तिच्यामागं घरात मी आणि ही पोर असे दोघंच उरलो. मला भाकरी थापता येत नाही आणि पोरीची वेणी घालता येत नाही. काही दिवस रंगाच्या बायकोनं निभावून नेलं. मग दत्तू आला आणि म्हणाला, आबा, चला आता दापोडीला.

इंदूनं गाडीत एवढंच विचारलं, तिथं अंगण आहे का. दत्तू म्हणाला, अंगण नाही पण गल्ली आहे, चांगली मोठी, बैलगाडी जाईल एवढी. पोरीला तेवढं पुरलं. मोटार सुटताना रंगा खिडकीशी आला आणि म्हणाला, "दादा, पोळ्याला तरी या." मी मान हलवली. हो म्हणून हलवली का नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नसेल आणि मलाही कळलं नाही.

हे मी गावातल्यांसाठी लिहितोय, आणि माझ्यासारखे जे कारखान्यांच्या मागं गाव सोडून आले त्यांच्यासाठीही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चुकलं तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं. गोड लिहिता येत नाही. गोड बोलायचं काम आमच्या घरात तिच्याकडं होतं.

पुण्याजवळच्या या दापोडीतली गल्ली म्हणजे आमच्या घरमालकाचं जुनं खळं. त्याला सगळे नाना म्हणतात. इथलाच शेतकरी, नदीकडं अजून रान आहे, बैलजोडी आहे. कारखाने उभे राहिले, माणसं खोल्या मागत दारात यायला लागली, तेव्हा त्यानं खळ्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या खोल्या घातल्या. मधे उरली ती गल्ली. एका टोकाला नळ, दुसऱ्या टोकाला नानाचा जाड भिंतींचा गोठा. मागून आगगाडी जाते, पुढून मुंबई-पुण्याचा रस्ता. खोल्यांतली माणसं सगळी बाहेरची. कुणी साताऱ्याकडचे, कुणी कोकणातले, आम्ही नगरकडचे, एक घर पार परभणीचं. आणि प्रत्येक खोलीत पोरं.

पण गल्लीत पोर दिसायचं नाही. आमचा बाप म्हणायचा, दिवसाउजेडी पोरं घरात दिसली की मला वाटतं कुणीतरी आजारी आहे. इथं मला वाटलं, सगळी गल्लीच आजारी आहे की काय.

मग कळलं. कारखान्यात तीन पाळ्या. पहिल्या पाळीचा गडी पहाटे सायकल काढतो, दुसऱ्या पाळीचा दुपारी जातो, तिसऱ्या पाळीचा रात्रभर राबतो आणि सकाळी येऊन झोपतो. पत्र्याच्या खोलीला भिंत असते ती नावाला. गल्लीत पोर ओरडलं तर ते झोपलेल्याच्या कानातच ओरडतं. त्यात पाळ्या बदलत्या. आज या खोलीतला दिवसा झोपतो, पुढल्या आठवड्यात त्या खोलीतला. म्हणजे कुठल्यातरी पत्र्याखाली कुणीतरी झोपलेला नाही असा दिवसच उगवत नाही. प्रत्येक घरातली बाई पोराला एकच सांगते, "गप, पाळीवाला झोपलाय." इथली पोरं सागरगोटे खेळतात ते गोधडीची घडी अंथरून, आवाज होऊ नये म्हणून. शिवाशिवी खेळतात ती तोंडावर हात ठेवून, मुक्यानं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. दत्तूला त्यात काही वेगळं वाटेना. मला मात्र असा संताप आला की कुणावर काढावा ते कळेना. झोपलेल्यावर काढावा तर तो बिचारा रात्रभर उभा राहून आलेला. पोरांवर काढावा तर ती आधीच मुकी.

इंदूला हे कुणी सांगितलं नव्हतं. आल्यानंतर दुसऱ्याच दिवशी गल्ली मोकळी बघून ती गावातल्यासारखी धावत सुटली. कोण येतंय का खेळायला, अशा मोठमोठ्यानं हाका मारत. समोरच्या खोलीचं दार उघडलं आणि पैलवान बाहेर आला. साताऱ्याकडचा गडी, अंगानं दांडगा म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणतात. रात्रभर भट्टीपुढं काढलेली, डोळे लाल. तो काही तिला मारणार नव्हता. नुसता खेकसला, "कुणाची गं तू? हे काय रान हाय का?" इंदू आत आली ती दाराच्या आडोशाला बसली. त्यानंतर ती नळापर्यंतसुद्धा एकटी जाईना.

इथं सुनेचं सांगायला पाहिजे. कमळ तिचं नाव. इंदू तिच्या पोटची, पण तिनं वाढवलेली नाही. दत्तूला कारखान्यात काम लागून ही खोली मिळाली तेव्हा इंदू दोन वर्षांची होती. तिची आजी म्हणाली, पत्र्याखाली पोर कशाला भाजता, राहू दे माझ्याजवळ, पुढल्या साली न्या. ते पुढलं साल असंच पुढं पुढं जात राहिलं. इंदू आजीला आई म्हणायची आणि कमळला वैनी, कारण रंगाची पोरं तिला वैनी म्हणायची, तेच हिनं उचललं. आता ही वैनी तिची वेणी घालायला बसायची आणि पोर मान ताठ धरून बसायची, पाहुण्यांच्या घरी बसतात तशी. कमळ काही बोलायची नाही. ही बाई कधीच काही बोलत नाही, असं माझं तेव्हा मत होतं.

आणि मी काय करत होतो? सकाळी उठून दाराबाहेर बसायचं आणि कारखान्याचा भोंगा ऐकायचा. गावातल्या घरात इंदूच्या आजीची बसायची जागा होती, जात्याशेजारची. तिथं नजर गेली की ती नाही हे दिसायचं. या खोलीत ती कधी आलीच नव्हती. ती गेली हे या पत्र्यांना ठाऊकसुद्धा नाही. तिच्याविषयी बोलावं तर तिच्याजवळ राहिलेली इथं इंदूच होती, आणि इंदू बोलेना.

म्हणून मी मनाशी ठरवलं. श्रावणी अमावास्येला पोळा येतो. त्या दिवशी गल्लीतली पोरं बाहेर काढायची, बैलांचा खेळ मांडायचा आणि त्यात इंदूला सोडायची. मिसळली तर इथं राहू. नाही मिसळली तर तिला घेऊन सरळ गाव गाठायचं, मग भाकरी कुणी का थापेना. दत्तूला हे सांगितलं. तो म्हणाला, "बघा आबा, तुम्हाला जमतंय का," आणि सायकलची चेन बसवायला लागला.

नदीवरून चिकणमाती आणली. गल्लीतल्या प्रत्येक पोराला एक असे बैल केले. शिंगांना बाभळीचे काटे, डोळ्यांना ज्वारीचे दाणे. कमळ हळूच म्हणाली, "मामा, आत्याबाईंचं वर्ष झालं न्हाई. आपल्याला सण कसा चालंल?" मी म्हणालो, घरात पुरण शिजवू नकोस, दाराला तोरण बांधू नकोस. सण आपला नाही, पोरांचा आहे. आणि बैल मातीचे आहेत, त्यांना कुणाचा दुखवटा नाही.

मग पोळ्याच्या सकाळी खोली खोली फिरलो. पैलवानाची बायको, तिला सगळे अक्का म्हणतात, ती म्हणाली, "आबा, आमचा बेंदूर आषाढातच झाला की. आता आणि दुसऱ्यांदा कसलं बैल पुजायचं?" कोकणातली बाई म्हणाली, आमच्याकडे असलं काही नसतं, पण करा तुम्ही, छान वाटेल. पोरं पाठवते असं मात्र म्हणाली नाही. परभणीच्या घरी पोळा आमच्यासारखा त्याच दिवशी, पण त्यांचा माणूस त्या आठवड्यात तिसऱ्या पाळीला. ती बाई दारात उभी राहून कुजबुजत बोलली आणि आतली कडी लागली. राहिला नाना. त्याच्याकडं खरी जोडी. ती गल्लीतून एकदा फिरवशील का म्हणून विचारायला गेलो.

नाना म्हणाला, "आज? आज तर माझं बैल औताला हायती. आमचा पोळा भादव्यातल्या आवसंला. तुमच्या नगरकडं लईच घाई बगा समद्याची."

बैल सगळीकडं तेच चार पायांचे. पण साताऱ्याचा सण होऊन गेलेला, आमचा आजचा आणि नानाचा महिन्यानं यायचा. गावात असताना हे कधी ध्यानात आलं नाही, कारण तिथं सगळ्या गावाचा पोळा एकच. एका गल्लीत चार गावं कोंबली की सणालासुद्धा कुणी कुणाला भेटत नाही.

तरी मी फळीवर बैल मांडून गल्लीच्या मधोमध उभा राहिलो. दारांच्या फटीतून डोळे दिसत होते. एक पोरगं उंबऱ्याबाहेर पाय टाकतंय तोच आतून हात आला आणि त्याला ओढून घेऊन गेला. ऊन चढलं. मातीच्या बैलांना तडे जायला लागले. उंबऱ्यावर इंदू बसून सगळं बघत होती. मी फळी उचलून आत आलो तेव्हा तिनं विचारलं, "आबा, गावात आज पोळा हाय ना?"

"हाय."

"मग आपण हितं कशाला?"

मी दत्तूला सांगून टाकलं, उद्याच्या मोटारीनं मी पोरीला घेऊन जातो. दत्तू बायकोकडं बघायला लागला. कमळ चुलीपुढं होती. तिनं तवा खाली उतरवला, पदर नीट केला आणि माझ्याकडं वळली.

"मामा, पाच वर्षं पोर तुमच्याकडं हुती. आत्याबाईंच्या तोंडाकडं बघून मी मागितली न्हाई. आता मागते."

मी म्हणालो, अगं, पोर दाराआड बसून वाळायला लागलीय, ते तुला दिसत नाही का.

"दिसतंय. तुमच्या आधीपासनं दिसतंय. नानांच्या पोळ्यापत्तुर थांबा. तवाबी पोर खेळायला निघाली न्हाई, तर तिचं गाठोडं मी माझ्या हातानं बांधून देते."

मी थांबलो.

तो महिना कमळ नळावर बोलत होती. जी बाई माझ्यासमोर तोंड उघडत नव्हती ती हंडा भरेपर्यंत एकेकीला गाठत होती. मला नंतर कळलं की प्रत्येकीचं म्हणणं एकच होतं. पोळा कधीचा का असेना, पोरं कुणाला बाहेर सोडायची नाहीत? पण झोपलेल्या माणसाचं काय करायचं? म्हणजे अडलं होतं ते अमावास्येवर नव्हतं, झोपेवर अडलं होतं. मी मात्र महिनाभर अमावास्येच्या नावानं चिडत बसलो होतो.

मी तेव्हा नानाच्या गोठ्याशी जाऊन बसायला लागलो होतो. बैलांजवळ बसलं की जरा बरं वाटायचं, आणि नानाला नावं ठेवली की त्याहून बरं वाटायचं. एक दिवस कमळ डोक्यावर पदर घेऊन तिथं आली आणि नानाला म्हणाली, "नाना, पोळ्यादिवशी बैल दिसभर भाईरच असतील न्हवं?"

"व्हय की. नदीवर धुवायचं, रंगवायचं, मिरवायचं. सांज हुस्तवर भाईरच."

"मग गोठा रिकामाच राहणार."

"मग?"

"तिसऱ्या पाळीची माणसं त्या दिवशी गोठ्यात झोपतील. आमी बाया सारवून देतो."

नाना तिच्याकडं बघतच राहिला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "आबा, तुमची सून काय म्हनती ऐकलं का? बैल गल्लीत मिरवायचं आन माणसं गोठ्यात बांधायची."

"बांधायची न्हाईत," कमळ म्हणाली, "निजवायची."

"आन दावं?"

"दावं त्या पैलवानाला लाव," मी म्हणालो, "बाकीचे गरीब आहेत."

नाना हसला. तो हसला म्हणजे काम झालं, असं गल्लीत सगळे धरून चालतात. पण माणसं इतक्या सहज गोठ्यात जायला तयार होतात होय? कोकणातला गडी म्हणाला, आम्ही काय जनावरं आहोत? परभणीवाला नुसता मान खाली घालून बसला. पैलवान माझ्याकडं आला. मला वाटलं आता भांडण होणार. तो म्हणाला, "काय आबा, मला गोठ्यात निजवताय म्हणं?"

मी म्हणालो, "तुझ्या बापाच्या घरी काय माडी होती का?"

तो म्हणाला, "गोठाच हुता. लई झ्याक झोप लागायची." तो तयार झाला म्हटल्यावर बाकीच्यांनी कुरकुर करत का होईना गोधड्या उचलल्या.

भादव्यातली अमावास्या ती पितरांचीही. छपराछपरांवर कावळ्यांसाठी पानं ठेवलेली. आमच्यात वर्षाच्या आत पान वाढत नाहीत. म्हणजे त्या दिवशी तिला पानही नाही आणि मला सणही नाही. मी आपला भिंतीला टेकून बसलो.

दिवस वर आल्यावर नाना जोडी घेऊन गल्लीत शिरला. शिंगांना लाल हिंगूळ, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरांच्या माळा. बायका ताटं घेऊन पुढं झाल्या. साताऱ्याच्या अक्काचं ताट सगळ्यांत पुढं, बेंदूर होऊन गेलेला असला तरी. आमच्या दारावर तोरण नव्हतं. कमळ ताट न घेता नुसती बाजूला उभी होती. आणि खोल्यांतून पोरं बाहेर आली.

आता मी जे सांगतो ते गावातल्यांना पटायचं नाही. पोरं बाहेर आली ती तोंडावर हात ठेवून. बैलांभोवती धावत होती, एकमेकांना ढकलत होती, हसत होती, आणि सगळं मुक्यानं. घुंगरांशिवाय गल्लीत आवाज नाही. सवयच तशी पडलेली. मला ते बघवेना.

नाना थांबला. "आरं, मुकी हायती का काय समदी?" तो म्हणाला. "वरडा की."

पोरं आयांकडं बघायला लागली. आया एकमेकींकडं. मग अक्कानं ताट खाली ठेवलं, गोठ्याकडं एकदा बघून घेतलं आणि स्वतःच आरोळी ठोकली, गावच्या बैलांना घालतात तशी, लांब, चढत जाणारी. त्या एका आरोळीनं गल्ली फुटली. पोरांनी जे तोंड सोडलं ते सोडलंच. मागून आगगाडी गेली तीही ऐकू आली नाही.

या सगळ्यात इंदू कुठं? उंबऱ्यावर. एक पाय आत, एक बाहेर. मातीचे बैल मी पुन्हा नवे केले होते, त्यातला एक तिच्या हातात. मी तिला ये म्हणालो नाही. कमळनंही म्हटलं नाही. सांगून पोर खेळत नाही, एवढं मला म्हाताऱ्यालाही कळतं. पण मी तिच्यावरची नजर काढली नाही, आणि नुसतं ती निघावी म्हणून नाही. न निघाली तर उद्या मोटार आहे, संध्याकाळपर्यंत गावात असू, हेही मनात होतंच. दोन्हीकडं माझा जीव होता. कुठलं व्हावं असं वाटत होतं ते मी आजही सांगू शकत नाही.

बैल पुढं गेल्यावर पोरांनी शिवाशिवी मांडली. अक्काची पोरगी सुमन पळत आमच्या दारावरून गेली आणि जाता जाता तिनं इंदूच्या पाठीत थाप मारली. "तुझ्यावर राज्य," म्हणाली आणि पळाली.

इंदू खेळतच नव्हती. तिला कुणी धरलंही नव्हतं खेळात. पण राज्य आलं म्हणजे आलं. ते दिल्याशिवाय सुटका नाही, हा कायदा आमच्या गावात आहे, साताऱ्यात आहे, कोकणात आहे आणि परभणीतही आहे. सगळ्या गल्लीत त्या दिवशी एवढीच एक गोष्ट सगळ्यांची सारखी निघाली. पोरं लांब जाऊन उभी राहिली, तिच्याकडं बघत. इंदूनं माझ्याकडं बघितलं. मग कमळकडं बघितलं. कमळनं हात पुढं केला. इंदूनं मातीचा बैल तिच्या हातात दिला आणि उंबरा उतरली.

त्यानंतर मी तिला नीट बघितलंच नाही. नुसती वेणी दिसायची, कधी नळाशी, कधी नानाच्या गाडीमागं. आवाज मात्र कळायचा. तिच्या आजीसारखा आहे, खणखणीत, शेताच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा. फाल्गुनानंतर तो मी पहिल्यांदा ऐकला. मी भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले. कुणाला वाटलं असेल म्हातारा पेंगला.

उन्हं उतरली तेव्हा गोठ्यातून पाळीवाले बाहेर आले. केसांत कडब्याच्या काड्या. पैलवान म्हणाला, दापोडीत आल्यापासून अशी झोप लागली नव्हती. मी इंदूला हाक मारली, चल आता, जेवून घे.

"थांबा आबा, माझ्यावर राज्य हाय," ती म्हणाली. वळूनही बघितलं नाही.

कमळ दारात होती. तिनं ऐकलं. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, जिंकलेला माणूस बोलतो तसं. ती आत गेली आणि माझं ताट आधी वाढलं. गाठोड्याचा विषय निघाला नाही. मी जेवलो. ज्यासाठी महिनाभर जीव टाकला ते झालं, आणि झाल्यावर असं वाटलं की माझ्या हातून तिची आजी पुन्हा एकदा गेली.

आता पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी गल्ली पुन्हा मुकी. "गप, पाळीवाला झोपलाय." माझं डोकं फिरलं. वर्षात एक दिवस ओरडायला मिळतो, तोही बैलाच्या मेहरबानीनं. कारखान्याला एवढा मोठा भोंगा टांगायला जागा आहे आणि त्याच्या गड्याला दिवसा झोपायला कोपरा नाही, हे कुणाला खटकत नाही का? मी नानाला जाऊन म्हणालो, बैल तर रोजच दिवसा औताला जातात, गोठा रोजच रिकामा. मग रोज का नको?

नाना म्हणाला, "आवं, सणाची गोष्ट येगळी. रोजच्याला शेण कोन काढंल?" मी म्हणालो, झोपणारा काढेल. त्यावर तो तयार झाला. पण झोपायला येतो तो एकटा पैलवान. रोज शेण काढतो, गोधडी टाकतो, झोपतो. बाकीचे म्हणतात, सणाचं एक दिवस ठीक होतं. त्यामुळं पैलवान एकटा तिसऱ्या पाळीला असला की त्या आठवड्यात आमची गल्ली ओरडते. दुसऱ्या कुणाची पाळी आली की पोरं परत तोंडावर हात धरतात. इंदूही धरते. तीही शिकली. मी रोज कुणाशी ना कुणाशी यावरून भांडतो. दत्तू म्हणतो, आबा, सोडा. मी सोडणार नाही. मला दुसरं काम काय आहे?

अजून इंदू कमळला वैनीच म्हणते. ते काही एका पोळ्यानं सुटायचं नाही. पण वेणी घालताना आता मान ताठ नसते, तोंडाची टकळी चालू असते, सुमननं असं केलं आणि सुमननं तसं केलं.

रंगा, तू निरोपावर निरोप धाडतोस की घर झाडून-पुसून ठेवलंय, कधी येता. तसं ठेवू नकोस. कुलूप काढ. मधल्या खोलीत कडबा भर, जात्याच्या जागी तुझ्या पोरांना निजू दे. कोरं ठेवलेलं घर मला नको. घर कुठलं असं कुणी विचारलं की मी गावाचं नाव सांगतो, आणि राहता कुठं म्हणून विचारलं की दापोडी सांगतो. पूर्वी या दोन्हींचं उत्तर एकच होतं. आता दोन झाली, आणि एकही पुरं वाटत नाही. जे माझ्यासारखे आलेत त्यांना हे कळेल. तुम्हाला तिथं बसून कळणार नाही, आणि कळू नये.

फाल्गुनात तिचं वर्षश्राद्ध. मी येतो. इंदूला विचारलं, आजीच्या वर्षाला गावाला चलतेस ना. ती म्हणाली, चलते. दारापर्यंत पळत गेली, मग थांबली आणि म्हणाली, "आबा, मग परत कधी यायचं?"

रंगा, आम्हाला राहायचा आग्रह करू नकोस.